बोटीला चौथी सीट नसते



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे निमंत्रण आले तेव्हा प्रथम मला वाटले, की पत्र चुकून माझ्या दारात पडले असावे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. त्यानंतरची माझी शाळा म्हणजे भांडुपच्या एका कारखान्यातील लेथ, आणि कॉलेज म्हणजे आपल्या मुलुंडचे वाचनालय. दुसरी पाळी नसेल त्या संध्याकाळी तेथल्या बाकावर बसून जे वाचले, तेवढीच माझी पुंजी. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिची पालवी पुढे गावोगावी फुटली. अशा जागी मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेलेली असतात. तेथे माझ्यासारख्याने उभे राहावयाचे, म्हणजे मैफलीत हातोडा घेऊन शिरण्यासारखे आहे.

चिटणिसांना वाटले होते की मी संपावर, नाहीतर बोनसवर बोलेन. मी म्हटले, "मी सहलीवर बोलणार." ते हसले. म्हणाले, "मे महिना आहे, श्रोत्यांना बरेच वाटेल." परंतु मंडळी, मी तुमची करमणूक करीनच असे वचन देत नाही. सहलीच्या निमित्ताने मला एक कबुली द्यावयाची आहे. ती अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ माझ्या खिशात खोट्या नाण्यासारखी पडून आहे. आज ते नाणे तुमच्यापुढे टाकतो.

सहल कोठली, तर घारापुरीची. सकाळी निघावे, समुद्रातून बेटावर जावे, लेणी पाहावी, डबे खावे आणि दिवेलागणीला घरी परतावे. मुंबईच्या उपनगरातल्या कोणत्याही चाळीत, कोणत्याही सोसायटीत विचारा; ज्याने ही सहल कधीच केली नाही असा माणूस विरळा.

यातली गंमत पाहा. आपण मुलुंडकर, घाटकोपरकर, अंधेरीकर, बोरिवलीकर बेट पाहायला मोठ्या हौसेने जातो; परंतु आपण स्वतः बेटावरच राहतो, हे आपल्या ध्यानातही नसते! आपली ही साष्टी. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. मुंबई हे निराळे बेट आणि साष्टी निराळे. १८०३ साली शीवचा बांध झाला, १८४५ साली माहीमचा झाला, १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली, आणि हळूहळू आपण खारे पाणी विसरलो. आज आपल्याला भरती-ओहोटी ठाऊक नसते; आठ सतराची फास्ट आणि आठ एकवीसची स्लो ठाऊक असते. वर्सोव्याहून मढला जाणारा किंवा बोरिवलीहून गोराईला जाणारा माणूस सोडला, तर आपल्यापैकी बहुतेकांचा होडीशी संबंध वर्षा-दोन वर्षांतून एकदाच येतो. म्हणजे बेटावरची माणसे असून आपण पाण्याला परके झालो. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिची गरज लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, की युनियनच्या माणसाला सहलीशी काय कर्तव्य? तर फार मोठे कर्तव्य आहे. सहलीला लागतो सुट्टीचा दिवस, आणि सुट्टीचा दिवस काही आभाळातून पडलेला नाही. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याच्या सुट्टीचा नेम नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता लोखंडे स्वतः प्लेगाने गेले. आपण रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो, मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो, मुलांना घेऊन गेटवेवर जातो, त्या रविवारावर या माणसाची सही आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला आणि भरपगारी वार्षिक रजा कामगाराच्या पदरात पडली. आमची युनियन सभासदांची सहल काढीत असे ती याच भावनेने. यंत्राला तेल लागते, तसा माणसाला मोकळा दिवस लागतो. आणि तो त्याच्या बायकामुलांनाही लागतो.

आमची ती सहल १९९७ च्या फेब्रुवारीत निघाली. मी सत्तावीस वर्षांचा होतो, युनियनचा नवा चिटणीस होतो, आणि आवाज माझ्या वयापेक्षा मोठा होता. शहाण्णव माणसे जमली. त्यांत बायका होत्या, तीस-पस्तीस पोरे होती, एका ऑपरेटरची सत्तरीची आई होती. तिने आयुष्यात समुद्र फक्त चौपाटीवरून पाहिलेला. मुलुंडहून पहाटेची गाडी धरून, सी.एस.टी.हून चालत आम्ही गेटवेला पोहोचलो. दोन लाँच ठरवल्या होत्या. एक आली. दुसरीचे एंजिन बिघडले, ती येणार नाही, असा निरोप आला.

मंडळी, येथे जरा थांबून मला आपल्या लोकलविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत, म्हणजे पुढे जे घडले ते तुम्हाला नीट कळेल. लोकलच्या बाकावर जागा तिघांची असते. चौथा येतो, गुडघ्याने खूण करतो, नुसते "जरा सरका" म्हणतो, आणि तिघे सरकतात. चौथ्याला टेकण्यापुरती जागा मिळते. त्याचा अर्धा देह बाकावर आणि अर्धा अधांतरी. हीच आपली चौथी सीट. जगात कोठल्याही धर्मग्रंथात न लिहिलेला असा हा धर्म आहे आणि तो आपण इमाने पाळतो. मला त्याचा अभिमान आहे. दारात लोंबकळणाऱ्याला आतला अनोळखी माणूस मनगट धरून ओढून घेतो. त्याची जात विचारत नाही की भाषा विचारत नाही. युनियन म्हणजे तरी दुसरे काय? "जरा सरका, आणखी एक मावेल," हेच ना?

तर शहाण्णव माणसे आणि एक लाँच. लाँचच्या बाजूला पांढऱ्या रंगाने उतारूंचा आकडा लिहिलेला होता : ऐंशी. मी तो वाचला, आणि लोकलच्या डब्यावर लिहिलेला आकडा वाचून आपण जे करतो तेच केले. म्हणजे काहीच केले नाही. "चला, चढा, सरकून घ्या," असे ओरडू लागलो.

लाँचचा तांडेल साठीचा असेल. काळा, शिडशिडीत, डोक्याला फडके. फळीवर आडवा उभा राहून तो एकेक माणूस मोजत होता. ऐंशी झाले आणि त्याने हात आडवा धरला. म्हणाला, "सायेब, पाटीवर लिवलंय तेवढीच मानसं. बाकीची मागल्या फेरीला."

मी समजावले. "अहो तांडेल, सोळाच तर राहिलीत. त्यांत निम्मी पोरे आहेत. एका घरातली माणसे दोन फेऱ्यांत कशी पाठवू? दोन तास ती येथे उन्हात बसतील." तो काही बोलला नाही. मग मी आवाज चढवला. मागे आमची माणसे पाहत होती, आणि पुढाऱ्याला मागे माणसे पाहत असली की मागे सरता येत नाही. 'अहो'चे मी 'अरे' केले. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला म्हटले, "अरे, तू कामगार, आम्ही कामगार. कामगाराने कामगाराला अडवायचे?"

तेव्हा तो जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. तो म्हणाला, "तुमी युनियनचं ना? मशीनवर नेमाच्या भाईर काम करा सांगितलं तं तुमी काय करता? मशीन बंद करता. मी तेच करतंय."

मंडळी, याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आणि ज्याच्यापाशी उत्तर नसते तो काय करतो? वरच्याकडे जातो. मी धक्क्यावर बसलेल्या लाँचमालकाच्या मुनिमाकडे गेलो. सांगितले, की दुसरी लाँच तुमची बिघडली, आमचे पैसे आगाऊ भरलेले आहेत, आता हीच लाँच सगळ्यांना नेईल नाहीतर सगळे पैसे परत करा. मुनिमाने पैशाचा हिशेब मनात केला, उठला, आणि तांडेलाला खाली उतरायला सांगितले. दुसऱ्या एका तरुणाच्या हाती सुकाणू दिले. म्हातारा एक शब्द न बोलता उतरला. फळीवरून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

आम्ही शहाण्णव जण घारापुरीला गेलो. समुद्र तळ्यासारखा शांत होता. पोरांनी गाणी म्हटली. सत्तरीच्या आजींनी समुद्राला नारळ वाहिला. काहीही झाले नाही. आणि मी तुम्हाला सांगतो, काही झाले नाही हेच वाईट झाले. त्या दिवशी आम्ही सगळे एक चुकीचा धडा शिकून परतलो, की आकडा हा नुसता लिहिण्यापुरता असतो.

घारापुरीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. कारण आपण जातो ते तेथे जे आहे त्यासाठी. गेटवेपासून हे बेट सुमारे दहा किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. वाटेत नौदलाची जहाजे, तेलाची जहाजे, जवाहर द्वीपावरील टाक्या दिसतात. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. धक्क्यापासून पायऱ्या चढून गेले की समोर ते लेणे. त्यातील तीन मुखांचा महेश सुमारे सहा मीटर उंच. विद्वान त्याचा काळ सहावे शतक सांगतात, कोणत्या राजाच्या आश्रयाने काम झाले याविषयी वाद करतात. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले ते तेथल्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज भायखळ्याला जिजामाता उद्यानात उभा आहे. हे सगळे पुस्तकात मिळते. माझ्यासारख्या लेथवाल्याला तेथे एकच गोष्ट दिसली. त्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या, ते ओठ, ती शांती ज्यांनी छिन्नीने अखंड खडकातून काढली, त्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. खडकात कामाला माफी नसते. लेथवर जॉब बिघडला तर दुसरा चढवता येतो. तेथे एक घाव चुकला तर देवाचे नाक जायचे. मापाबाहेर एक घाव घालायचा नाही, हे त्या पाथरवटांना कळत होते. तांडेलालाही कळत होते. मलाच कळत नव्हते.

आणखी एक सांगतो. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. आपण खाली उतरताना ज्यांच्याकडून काकडी, कैरी, ताक घेतो ती माणसे तेथली. या गावांत वीज केव्हा आली असेल? २०१८ च्या फेब्रुवारीत! समुद्राच्या तळातून केबल टाकून ती नेली. पलीकडे तुर्भ्याचे वीजकेंद्र १९५६ पासून चालू. त्याचे दिवे ही माणसे साठ वर्षे समोर पाहत होती, आणि घरात मात्र रॉकेलची चिमणी, फार तर संध्याकाळचे दोन-तीन तास जनरेटर. आपण त्यांच्या बेटावर जाऊन रिकाम्या बाटल्या टाकून येतो, निदान हे तरी आपल्याला ठाऊक असावे.

आता पुन्हा पाण्याकडे वळू या.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला एक महिना उरला होता. आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. सण घरी करावा म्हणून मुंबईतील चाकरमानी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या 'रामदास' बोटीत चढले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या घरात हे नाव आजही हळू आवाजात घेतात. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी बोटीवर पाणी आले. घाबरून, भिजू नये म्हणून, माणसे एका अंगाला सरकली. मंडळी, तो शब्द पुन्हा ऐका : सरकली. बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला बातमी कळायला दिवस मावळायची वेळ आली. जे वाचले त्यांतील अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी वाचवले. त्यांनी विक्रीला चाललेली मासळी समुद्रात ओतली आणि होड्यांत माणसे घेतली. पाण्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना मासळी केव्हा टाकायची आणि माणूस केव्हा उचलायचा, हे कोणी शिकवावे लागत नाही.

लोकल आणि बोट यांत हा भेद आहे. लोकल जमिनीवर उभी असते. तिच्यात आणखी दहा जण चढले तर दहा जणांचा घाम वाढतो. तेही जिवावर बेततेच, कसे बेतते हे मुंब्रा-दिव्याच्या लोकांना विचारा. परंतु डबा काही उलटत नाही. बोट पाण्यावर तोलून उभी असते. प्रत्येक चढलेला माणूस तिला थोडी खाली नेतो, आणि पाणी व काठ यांतले अंतर तेवढे कमी होते. लाट त्याच अंतरातून आत येते. शिवाय वरच्या मजल्यावर माणसे उभी राहिली की तोल वर चढतो, आणि सगळे फोटो काढायला एकाच बाजूला धावले की तो बाजूला जातो. बोटीत चौथी सीट नसते. तेथे चौथा माणूस बसला, तर तो पहिल्या तिघांच्या जिवावर बसतो.

हे मी स्वतःच्या अकलेने शिकलो नाही. वाचनालयात एका इंग्रज माणसाची हकीकत वाचली. त्याचे नाव सॅम्युएल प्लिमसॉल. त्या काळी विलायतेतले काही जहाजमालक जुनी जहाजे काठोकाठ भरून, भरपूर विमा उतरवून समुद्रात सोडीत. जहाज पोहोचले तर नफा, बुडाले तर विमा. खलाशी मात्र दोन्ही हिशेबांत नाहीत! त्या जहाजांना लोक शवपेट्या म्हणत. प्लिमसॉल पार्लमेंटात होता. १८७५ साली सरकारने विधेयक बाजूला ठेवले, तेव्हा त्याने भर सभागृहात सभासदांना शिव्या दिल्या आणि मूठ उगारली. लोकक्षोभ झाला, आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढणे सक्तीचे झाले. पण गंमत ऐका : रेषा कोठे काढायची, हे मालकावरच सोपवले होते. मालकांनी ती मनाला येईल तेथे काढली. रेषेची जागा नियमाने ठरायला १८९० साल उजाडावे लागले. योगायोग पाहा, मुंबईत लोखंड्यांना रविवार मिळाला तेही तेच साल. पुढे खलाशांच्या युनियनने प्लिमसॉलला आपला अध्यक्ष केले.

ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. लाँचच्या बाजूचा तो पांढरा आकडा म्हणजे प्लिमसॉलची रेषाच की! ती रेषा कामगारांच्या बाजूने काढलेली होती, आणि मी कामगारांचा पुढारी म्हणवणारा, मालकाच्या मुनिमाचा हात धरून ती पुसून आलो होतो.

तरीसुद्धा बराच काळ मी मनाची समजूत घालीत असे, की झाले ते झाले, कोणाला इजा तर झाली नाही. मग १८ डिसेंबर २०२४ ची दुपार आली. तुम्हा सर्वांना ती आठवत असेल. गेटवेहून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' ही लाँच; आणि नौदलाची एक वेगवान नौका, एंजिनाची चाचणी चालू असता ताबा सुटून तिच्यावर येऊन आदळली. पंधरा माणसे गेली. त्यांत लाँचवरची माणसे होती, पोरे होती, आणि त्या वेगवान नौकेवर आपले काम करीत असलेली माणसेही होती. जवळपासच्या बोटींवरचे कामगार धावले म्हणून अनेक वाचले. लाँचचा परवाना चौऱ्याऐंशी उतारूंचा होता आणि तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, असे वाचलेल्यांनी सांगितले.

मी येथे न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. टक्कर झाली ती गर्दीमुळे झाली नाही, हे उघड आहे. परंतु टक्कर झाल्यावर, बोटीत पाणी शिरल्यावर, प्रत्येक जादा माणूस म्हणजे एक कमी पडणारे जॅकेट आणि जिन्यात अडकलेला एक देह असतो. ती छायाचित्रे मी टी.व्ही.वर पाहिली आणि मला आमची शहाण्णव माणसे दिसली. नारळ वाहणाऱ्या आजी दिसल्या.

अलीकडे हौस वेगाची आहे. कोणी म्हणते लाँचला तास लागतो, स्पीडबोट करू. मालवणला, तारकर्लीला, अलिबागकडे, पार अंदमानपर्यंत आपले लोक स्पीडबोटीने बेटे पाहतात. हौसेला माझी ना नाही. मलाही तो वारा आवडतो. पण यंत्राशी आयुष्य काढलेला माणूस म्हणून एक हिशेब सांगतो. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. लाँच लाटेवर चढते-उतरते. स्पीडबोट लाटेवर आपटते. पुढच्या टोकाशी बसणाऱ्याच्या पाठीच्या मणक्याला तो आपटा बसतो, म्हणून म्हाताऱ्यांना, गर्भार बाईला, पोरांना पुढे बसवू नये. आणि खडक पाण्याखाली असतो, तो वेगाला वाट करून देत नाही. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या कामासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली. तीत अधिकारी होते, कार्यकर्ते होते. एक तरुण जिवास मुकला. साहेबांसाठी समुद्र निराळा नसतो.

आता तुम्ही विचाराल, की मग सहलीला जाऊ नये काय? जरूर जावे! ज्या रविवारासाठी माणसे झिजली तो घरात दार लावून घालवण्यासाठी नाही. फक्त धक्क्यावर पोहोचल्यावर लोकलची सवय गेटवेच्या पायरीपाशी ठेवावी. बोटीच्या अंगावरचा आकडा वाचावा आणि डोकी मोजावी. मोजायला पदवी लागत नाही. दोर सुटण्यापूर्वी जॅकेट अंगावर घालून पट्टे आवळावे. ते बाकाखाली ठेवून उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणे फार कठीण असते. २०२४ च्या त्या अपघातानंतर ते घालणे सक्तीचे झाले आहे, पण सक्ती कागदावर असते आणि पट्टा आपल्या हातात असतो. पोराला पोराच्या मापाचे मागावे. मोठ्याचे जॅकेट पोराच्या अंगातून निसटते. संध्याकाळच्या शेवटच्या लाँचसाठी थांबू नये, कारण राहिलेले सगळे त्याच लाँचवर तुटून पडतात. आणि स्पीडबोटीच्या चालकाला "अजून जोरात घ्या" असे कधी म्हणू नये.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट एकच आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो. बोटीवरचा माणूस जेव्हा 'नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहा. पुढे मी धक्क्यावरच्या काही खलाशांशी बोललो. त्यांनी सांगितले, की फेरी भरली तर मालक खूष. एखाद्याने दहा माणसे परत पाठवली तर दुसऱ्या दिवशी त्याची जागा दुसऱ्याला. उतारू त्याला शिव्या देतात, मालक त्याला काढतो. म्हणजे नियम पाळण्याची सगळी किंमत त्या एकट्याने भरायची! अशा माणसाने किती दिवस 'नाही' म्हणावे? त्याच्या 'नाही'मागे आपण उभे राहिलो नाही, तर उद्या तो 'हो' म्हणू लागेल. मग आकडा रंगवलेला राहील आणि मोजणारे कोणी राहणार नाही. सुरक्षितता परवान्यात नसते, पाटीवरही नसते. ती त्या फळीवर आडव्या धरलेल्या हातात असते.

त्या तांडेलाचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यावेसे वाटेल. मलाही वाटले, पण उशिरा. महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी गेटवेला गेलो असता मी विचारले. एका खलाशाने सांगितले, की त्या दिवसानंतर त्याला कामावर घेतले नाही. तो आपल्या गावी गेला. गाव कोणते, तर रेवसच्या बाजूचे, एवढेच. नाव मी त्याला विचारलेलेच नव्हते. ज्याला सगळ्यांसमोर 'अरे' म्हटले त्याचे नाव कशाला विचारायचे!

मंडळी, युनियनच्या कामात मी पुष्कळ माणसांची नोकरी वाचवली, असे लोक म्हणतात, आणि हारही घालतात. एका माणसाची नोकरी मी घालवली, हे आजवर कोणी म्हटले नाही, कारण ते कोणाला ठाऊक नव्हते. तो आमच्या युनियनचा सभासद नव्हता. पण आमच्या शहाण्णव माणसांत एकही असा नव्हता, ज्याने त्या सकाळी कामगाराचे काम त्याच्याइतके नीट केले.

म्हणून या उन्हाळ्यात तुम्ही मुलाबाळांना घेऊन निघाल, धक्क्यावर कोणी म्हातारा हात आडवा धरून म्हणेल, "बाकीची मागल्या फेरीला," तेव्हा रागावू नका. दोन तास उन्हात बसा. शेंगा खा. पोरांना सांगा, की हा माणूस आपल्याला मोजतो आहे. आणि ज्याची मोजदाद होते त्याची काळजी घेतली जाते. आणि जमले तर एवढे करा : त्याला नाव विचारा.